पाइप फिरवू नये, कापावा

तीर्थरूप अण्णांस,


सिंकखालच्या गंजून अडकलेल्या पाइपाबद्दलचा तुमचा सल्ला पोचला: रॉकेल घाला, रात्रभर मुरू द्या, सकाळी मोठा पाना लावा. तुमच्या पान्याबद्दल आदर आहेच, पण न्यू जर्सीतल्या १९६० पूर्वीच्या घरांचे पाइप आदर ओळखत नाहीत. भिंतीतून बाहेर येणारा तुकडा बहुधा जस्त चढवलेल्या लोखंडाचा असतो. जस्त झिजलं की लोखंड गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांमधल्या फटी तोच बळकावून बसतो. मग रॉकेल शिरणार कुठून? शिवाय आटे पाडताना पाइपाची जाडी तिथेच कमी झालेली, म्हणून जोर लावला की तो फिरत नाही, आट्यांपाशी तुटतो. तेही परवडलं. खरा धोका असा, की सगळा पीळ भिंतीतल्या बिडाच्या सांध्यावर जातो. बीड वाकत नाही, तडकतं. मग नळाचं काम गवंड्याकडे जातं. म्हणून माझा आग्रह करवतीचा. भिंतीबाहेर दोनेक इंच सोडून पाइप कापायचा. उरलेला तुकडा धड असेल तर त्यावर पोलादी पट्ट्यांचा रबरी जोड चढवायचा. सडलेला असेल तर हॅकसॉच्या पात्याने आतून उभी चीर द्यायची, सांध्याच्या आट्यांना धक्का न लावता, आणि तुकडा आत दुमडून काढायचा.

आई म्हणेल, प्लंबर बोलवा. बोलवावा की, पण तोही करवतच काढणार, फक्त बिलासकट. वहिनीची कॉस्टिकची पूड तर नकोच. तिने एखादे वेळी तुंबलेलं मोकळं होईल, पण गंजलेला आटा सुटत नाही, आणि पुढे पाइप उघडणाऱ्याच्या हातावर ते कॉस्टिकचं पाणी सांडतं. वळण काढून सरळ पाइप लावा, ही तुमची सूचनाही फेटाळावी लागते. त्या वाकड्या भागात निदान दोन इंच पाणी उभं राहतं, म्हणून गटाराचा वास स्वयंपाकघरात येत नाही. अशा वळणाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंगने घेतलं, तेही संडासासाठी. आणि हा गृहस्थ पेशाने घड्याळजी!

राहिली प्लास्टिकबद्दलची तुमची शंका. पीव्हीसी गंजत नाही, हा त्याचा मोठा गुण. सतत कढत पाणी सोसत नाही, हा दोष. भाताची पेज ओतताना थंड पाण्याचा नळ सोडला की भागतं. त्याचे नट मात्र हातानेच आवळायचे, पान्याने चिरतात. तेव्हा तुमचा पाना तिकडेच असू द्या.

आईला नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

आपला,
बाळू