तांबडा राक्षस आणि सुभद्रा

आमच्या वाड्यात संध्याकाळी रेडिओ लावायचा हक्क एकट्या आजोबांचा. व्हॉल्व्हचा रेडिओ तो; तापून बोलता व्हायला वेळ घ्यायचा, आणि तेवढ्यात आजोबा घसा खाकरून घ्यायचे, जणू भाषण त्यांनाच द्यायचंय. सुरुवातीला वाजणारी आकाशवाणीची तंबोरा-व्हायोलिनची धून वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची, १९३४ साली मुंबईत आलेला हा गृहस्थ ऑपेरेही लिहायचा, हे काकाला कुठूनसं कळलं आणि तो येईल-जाईल त्याला 'आपला रेडिओ उघडतो तोच ऑपेरावाल्याच्या हातानं' असं ऐकवू लागला. आजोबा म्हणायचे, "असेल बुवा. पण आमच्या किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ चं!"

त्या रात्री सौभद्रच होतं. पण त्याआधी विज्ञानावरचं भाषण. कुणी प्राध्यापक वाचत होते. पान उलटल्याचा आवाज मजकुरापेक्षा स्पष्ट यायचा. सूर्याचं वय साडेचार अब्ज वर्षं. आणखी पाचेक अब्ज वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल, सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल आणि बुध-शुक्रांना गिळेल. वाती वळता वळता आजीचा डोळा लागला तो नेमका इथे.

मग श्रुतिका. घाटातला बंगला, वादळी रात्र. वीज कडाडली तशी आई स्वयंपाकघरातून थेट गच्चीवर, दोरीवरचे कपडे काढायला. वर टिपूर चांदणं. स्टुडिओत पत्रा हलवला की वीज कडाडते आणि सेलोफेनचा कागद चुरगाळला की आग लागते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "पत्रा तर पत्रा. कपडे आले ना आत?"

सौभद्र सुरू झालं. पहिलं पद संपताच आजोबा ओरडले, "वन्स मोअर!" रेडिओ पुढे गेला. दुसऱ्या पदाला ते उठून उभे राहिले. तरीही नाही. "थिएटरात हेच लोक चार-चारदा म्हणायचे," ते पुटपुटले, "इथे घड्याळाचे गुलाम झालेत." तिसऱ्या पदाला त्यांनी रेडिओच्या डोक्यावर थाप मारली. खरखर वाढली.

त्या खरखरीतच घटोत्कचानं सुभद्रेला उचललं आणि आजी दचकून जागी झाली.

"अगंबाई! पाच अब्ज वर्षं आहेत म्हणाले होते ना? इतक्यात आला?"

"कोण?" काका.

"तो तांबडा राक्षस! बुध-शुक्र झाले, आता पोरीला नेतोय."

बाबांनी समजावलं, की हा घटोत्कच, राक्षस असला तरी घरचाच, आणि त्याला धाडलाय कृष्णानं, सगळं सुभद्रेच्या भल्यासाठीच. आजीनं नीट ऐकून घेतलं.

"आणि त्या सूर्यातल्याला कुणी धाडलाय?"

बाबांनी काकाकडे पाहिलं. काकानं रेडिओकडे. तिथे पद रंगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर आजीनं सूर्याला नेहमीपेक्षा एक तांब्या जास्त घातला.