आमच्या खिडकीसमोरचं पाणी

मायामी बीचवरच्या श्रीमंतांच्या दुःखाकडे आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही. आपण आपले पाणीकपातीत आणि टँकरच्या फेऱ्यांत अडकलेलो. तिकडे माणसानं कोट्यवधी डॉलर मोजून पाण्याकाठी बंगला घ्यावा, दिवस मावळताना हातात पेला घेऊन व्हरांड्यात यावं आणि समोर काय दिसावं? कुणाच्या तरी जुनाट शिडाच्या होडीवर दोरीला वाळत घातलेला टॉवेल. शेजारी आणखीही कपडे असतात, पण हे सभ्य घरात वाचलं जाणारं वर्तमानपत्र आहे.

घटनास्थळ सनसेट लेक. नावाला तळं. पाणी खारं आणि बिस्केन उपसागराला जोडलेलं, त्यामुळे होड्यांना वाट मोकळी. वाऱ्यालाही आडोसा. नांगर टाकावा तर इथे, असं कुठलाही होडीवाला सांगेल. जवळच व्हेनेशियन बेटं आहेत: रिवो आल्टो, डी लीडो, सान मारिनो, सान मार्को. बहुतेक नावं होड्यांच्या शहराकडून उसनी आणली, होड्या तेवढ्या नकोत. बरं, ही बेटं देवानं दिलेली नाहीत. उपसागराचा तळ उपसून, तोच गाळ एका जागी टाकून, १९२०च्या दशकात ती माणसांनी तयार केली. म्हणजे पाण्यात घुसले ते बंगले. पण अतिक्रमण कोण करतंय, हे नेहमी ज्याची खिडकी मोठी तोच ठरवतो.

याच बंगल्यांच्या धक्क्यांना मालकांच्या स्वतःच्या यॉट बांधलेल्या असतात, दोन-दोन मजली. त्यांच्यामागे अर्धा उपसागर झाकला जातो, पण त्यानं दृश्य बिघडत नाही. आपल्या बोटीला वैभव म्हणतात, दुसऱ्याच्या बोटीला अडथळा.

काही वर्षांपूर्वी सनसेट लेकच्या एका रहिवाशानं यावर जालीम उपाय काढला. त्यानं स्वतःच छोट्या रिकाम्या होड्या आणून घरासमोरच्या पाण्यात नांगरून ठेवल्या, म्हणजे बाहेरच्याला जागाच उरू नये. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसाला हे तंत्र समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की रुमालवाल्याला निदान बसायचं असतं. इथे होड्यांनी दृश्य बिघडतं म्हणून दृश्यात आणखी होड्या भरल्या.

मग प्रकरण तालाहासीला, फ्लोरिडा राज्याच्या विधिमंडळात गेलं. २०१६ साली कायदा झाला. त्यात सनसेट लेक आणि व्हेनेशियन बेटांमधल्या पाण्याचे काही तुकडे नावानिशी नोंदवले, आणि तिथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत नांगर टाकून राहायला बंदी घातली. वाचकहो, जरा थांबून वेळ पाहा. बंदी रात्रीची आहे. दिवसभर, लख्ख उजेडात, होडीवाल्यानं टॉवेल वाळत घातला तरी चालेल. काही दिसेनासं झालं की मग मात्र दृश्याचं रक्षण सुरू. यावरून एवढंच कळतं, की खुपत होती ती होडी नव्हतीच. खुपत होता होडीत झोपणारा माणूस, जो त्याच पाण्यावर, त्याच वाऱ्यात, घरपट्टी न भरता सुखानं घोरत होता.

आता होडीवाल्यांची आरती ओवाळायचंही कारण नाही. त्यांच्यातले काही रात्रभर जनरेटर धडधडत ठेवतात, गाणी अख्ख्या उपसागराला ऐकवतात, आणि संडासाच्या टाकीचं काय करतात ते विचारू नये. (किनाऱ्यालगत ती तशीच समुद्रात रिकामी करणं अमेरिकेत बेकायदा आहे, म्हणूनच विचारू नये.) नांगराचीही एक रीत असते. खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडायचा. म्हणजे तीन मीटर पाण्यात वीस-एक मीटर. वारा फिरला की होडी तेवढ्या घेरात फिरणार. संध्याकाळी तिकडे तोंड करून उभी असलेली होडी पहाटे तुमच्या बेडरूमकडे पाठ करून उभी असते. आधी आलेल्याच्या घेरात नंतर येणाऱ्यानं शिरू नये, हा दर्यावरचा जुना शिष्टाचार. बंगलेवाल्यांनी तो स्वतःच्या सोयीनं वाचला आणि ‘आधी आलेला’ म्हणजे आपणच असं ठरवून टाकलं. शिवाय रात्री होडीवर पांढरा दिवा लावावा लागतो, तो नियम आहे. दिवा लावला तर झोपमोड, आणि नाही लावला तर कायदेभंग.

आणि या सगळ्यात पाणी कुणाचं? फ्लोरिडाच्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलं आहे, की नौका जाऊ शकेल अशा पाण्याखालची जमीन राज्यानं सर्व जनतेची विश्वस्त म्हणून सांभाळायची आहे. हेच विश्वस्ताचं तत्त्व १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं, अमेरिकी निकालांचे दाखले देत, बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या खटल्यात भारतात लागू केलं. तेव्हा ‘लेक व्ह्यू’ म्हणून चौरस फुटामागे जो जादा दर तुम्ही बिल्डरला दिलात, तो ज्या पाण्यासाठी दिलात ते बिल्डरचं नव्हतं आणि तुमचंही झालेलं नाही. तुमच्या मालकीचा झाला तो फक्त खिडकीचा पडदा.

फ्लोरिडाचा कायदा मात्र अगदीच निर्दय नाही. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होईपर्यंत, फार तर कामाचे तीन दिवस, रात्रीही राहता येतं. म्हणून बिघडायचंच असेल तर इंजिननं शुक्रवारी संध्याकाळी बिघडावं, शनिवार-रविवार मोजणीत येत नाहीत. वादळ आलं तरी सूट. आणि सर्वांत सुंदर सूट मासेमारीची: होडीतली माणसं हौसेनं का होईना, गळ किंवा जाळं सांभाळत बसली असतील तर बंदी लागू होत नाही. झोपलात तर गुन्हेगार, गळ धरून जागे राहिलात तर सन्माननीय नागरिक.

तेव्हा कधी होडी घेऊन त्या बाजूला गेलात, तर गळ विसरू नका. त्याला आमिष लावलंच पाहिजे, असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही.