देण्यातली साडी

लग्नसराईत आळेफाट्यापासून मंचरपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात शिरा. नवरीकडच्या खोलीत बॅगांच्या ढिगाला टेकून बसलेली एक आक्का दिसेलच. कार्यालयं बदलतात, आक्का बदलत नाही. कमरेला किल्ल्या, मांडीवर वही, आणि कोण किती किमतीची साडी घेऊन आलंय हे पिशवीच्या आवाजावरून ओळखणारे कान.

आक्काच्या हिशेबी साड्यांच्या जाती दोनच: नेसायची आणि देण्यातली. देण्यातली साडी सुरतेहून गठ्ठ्यानं येते. पारदर्शक पिशवीत ती असली झगमगते, की पिशवी काढल्यावर झगमगाट पिशवीचाच होता हे कळतं. म्हणून आक्का ती काढतच नाही. नुसतं पिशवीचं तोंड उघडून घडीच्या आत बॉलपेननं बारीक नोंद करते: ‘ओतूर, मधल्या जावेची बहीण.’ या व्यवहारात पाप एकच, ज्याची साडी त्याच्याच घरी परत जाणं. बाकी ओतूरची घोडेगावला, घोडेगावची बेल्ह्याला, बेल्ह्याची नारायणगावला. काही साड्यांनी दोन तालुके पालथे घातलेत, पण घडी कुणीच मोडलेली नाही. टॉवेल-टोपीचंही तेच. तो टॉवेल पाणी टिपत नाही, अंगावर नुसतं इकडचं तिकडं करतो. टोपी उभी असते ती खळीच्या जोरावर. पहिल्या पावसात तिचा मान जातो.

पुण्याहून आलेली भाची एकदा आक्काला पर्यावरण शिकवायला बसली.

“आत्या, एका सुती टी-शर्टामागं 2,700 लिटर पाणी लागतं, माहितीये?”

“हे डिंभे धरणाचं आवर्तन लांबलं तवा सांगायचं व्हतं,” आक्का म्हणाली. “अन् ही पिवळी कवा घेतलीस?”

“हळदीसाठी. थीम आहे ना!”

“मंग उद्या?”

“उद्या वेगळी. परवा पूजेला तिसरी.”

“अन् ही?”

“लेबल काढलेलं नाही. ॲपवर परत करता येते.”

आक्कानं चष्मा वर केला. भाचीकडं तिनं इतक्या आदरानं आजवर पाहिलं नव्हतं. घराण्याचा वारसा कुणीतरी चालवणार होतं.

आक्काला हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ती एक साडी फिरवते तेव्हा दहा ठिकाणच्या नव्या साड्या दुकानात राहतात. जगात तयार होणाऱ्या धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असतं, म्हणजे मूळ खनिज तेल. ते मातीत जिरायचं म्हटलं तर आपली पतवंडंही पुरायची नाहीत. सुती लुगड्याचं म्हातारपण कसं रीतसर होतं! मध्ये विरलं की तेवढं कापून दंड घालायचा. पुढं परकर, बाळाचं दुपटं, वाकळीचा थर, शेवटी पोतेरं. देण्यातल्या साडीला म्हातारपणच नाही. वाकळीत घातली तर थर सरकतो, पोतेरं केलं तर चुलीपुढचा ओलावा जागच्या जागी राहतो. बोहारीणही ती दोन बोटांत धरते आणि चमच्यापलीकडं बोलत नाही. (चमचाही एकच.)

मात्र आक्का हार मानत नाही. उन्हाळ्यात डाळिंबाची फळं करपू नयेत म्हणून झाडांवर जुन्या साड्या पांघरतात; आक्कानं वहीतून बाद झालेल्या साड्या पोराच्या बागेवर चढवल्या. अंजिरी, राणी, मोरपंखी, ओळीच्या ओळी. बाग एखाद्या सुवासिनींच्या पंगतीसारखी दिसू लागली. नेमक्या त्याच रस्त्यानं विहीणबाई जीपमधून चालल्या होत्या. जीप थांबली.

“आक्का, ती मोरपंखी आम्ही तुम्हाला साखरपुड्यात नेसवलेली!”

“तीच ती,” आक्का शांतपणे म्हणाली. “पंधरा घरं फिरली बिचारी, घडी मोडली ती या झाडानंच. या ना, चहा घ्या.”

विहीणबाईंनी चहा घेतला, पण बोलल्या नाहीत. पुढच्या कार्यात त्यांनी आक्काच्या हातात साडीऐवजी रोख पाकीट ठेवलं. आक्कानं पैसे मोजले, वहीत मांडले आणि पाकीट उजेडाकडं धरून पाहिलं. नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तिनं भाचीला हाक मारली, “पोरी, खोडरबर हाय का गं तुझ्याकडं?”