तूर्तास नको

आमचे डॉक्टर सिग्नलचा हिरवा दिवा दिसला की ब्रेक दाबतात. तो आता लाल होणार म्हणून. मागचे लोक हॉर्न वाजवतात, तेव्हा हे आरशात बघून त्यांच्या रक्तदाबाची काळजी करतात. अशा गृहस्थांच्या हवाली माझे दोन ताठ पाय आहेत.

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालणं कुबड्यांवर. मेंदूला इजा झाली ती तेव्हाच, पुढे ती वाढत जात नाही, हे मला शिकवलं ते याच डॉक्टरांनी. तरी दर खेपेला "वाढलंय का?" असं विचारतात, आणि तेही आईला. "ताई, याला झोप लागते का? भूक?" आई माझ्याकडे बघते, मी उत्तर देतो, डॉक्टर ते आईच्या नावावर लिहून घेतात. एकदा डोळे आले म्हणून गेलो, तर आधी गुडघ्यावर हातोडी बसली. सर्दी, पित्त, प्रेमभंग, काहीही घेऊन जा. 'मूळ आजाराशी संबंध' तपासल्याशिवाय चिठ्ठी फाटत नाही.

सगळ्यावर त्यांचं एकच रामबाण: "तूर्तास नको." होस्टेल? तूर्तास नको. तीनचाकी स्कूटर? तूर्तास नको. पोहण्याचा विषय काढताना मी मुरलीकांत पेटकरांना पुढे केलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक! डॉक्टर भारावले. आपल्या सांगलीकडचा माणूस म्हणून मान डोलावली. मग म्हणाले, "त्यांचा डॉक्टर मी नव्हतो."

खरं तर माझ्या स्नायूंचं आरामाशीच वाकडं. वापरले नाहीत की आणखी आखडतात. फिजिओथेरपीच्या बाई ओरडतात, "चाल!" डॉक्टर म्हणतात, "बस." मी दोघांचा मान राखतो; लांबवर चालत जातो आणि तिथे बसतो.

माणूस वाईट नाही हो. परीक्षेच्या दिवशी रात्री साडेदहाला फोन करून मुलगा घरी पोचला का, हे विचारणारा दुसरा डॉक्टर दाखवा. पण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि यांनी दवाखाना थाटला तोही त्याच सुमारास. तेव्हापासून पेशंटच्या मागे त्यांना एक वकील उभा दिसतो. माझ्या मागे तर अख्खी बार असोसिएशन दिसत असावी.

एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. मी तयारीनिशी गेलो. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, शिवाय २०२४चा ओंकार गोंड खटल्याचा निकाल: अपंगत्वाचा आकडा ४० टक्के वा त्याहून जास्त आहे एवढ्यावरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारू नका, विद्यार्थ्याला काय जमतं ते तपासा. डॉक्टरांनी चष्मा पुसून निकाल वाचला. घडी घालून परत दिला.

"हे एमबीबीएसचं आहे. तू बीएस्सीला."

"बरं सर, मग 'अनफिट' लिहून द्या. कारणासकट."

पेन हवेतच राहिलं. फिट लिहावं, तर काही झालं म्हणजे? अनफिट लिहावं, तर कशावरून असं कुणी विचारलं म्हणजे? तोंडी नकार द्यायला काय लागतं. लेटरहेडवर उतरवायचा म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. त्यांनी पंखा वाढवला, कागद उडाले, पंखा कमी केला. शेवटी मजकूर उतरला: "सदर विद्यार्थ्याने पायऱ्या, ऊन, चिखल, दगदग व मोकाट जनावरे टाळल्यास शिबिरात सहभागी होण्यास हरकत असण्याचे कारण तूर्तास आढळून येत नाही." खाली सही, शिक्का, तारीख आणि वेळ.

कॉलेजातल्या सरांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे येतोयस ना?" म्हणाले, आणि नाव लिहून घेतलं.

आता पोहण्यासाठीही मी हाच मार्ग धरलाय. परवानगी मागितलीच नाही, लेखी नकार मागितलाय. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. कंपाउंडर सांगतो, सोमवारी ते रजेवर आहेत.