चाबी फिरवा अन् ऐका

परतवाड्याहून, म्हणजे सासरवाडीहून, बुऱ्हाणपूरला परतताना आमची गाडी गेल्या वर्षभरात तीनदा बंद पडली, आणि तिन्ही वेळा देडतलाईतच. घटांगचा चढ ती खोकत-खोकत चढते, सेमाडोहला जरा शांत होते, हरिसाल आणि धारणी बिनतक्रार मागे टाकते, महाराष्ट्राची हद्द ओलांडते आणि देडतलाईच्या पहिल्या चहाच्या टपरीसमोर मान टाकते. गाडीला मालकाची सवय लागलीय, असं बायकोचं म्हणणं.

पहिल्या खेपेला मी प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला कॉइल. मधे एकदा घरी बॅटरीही बदलली; तिचा काही संबंध नव्हता, पण दुकान समोरच होतं.

तिसऱ्या खेपेला बॉनेट उचललं आणि पाच मिनिटांत डॉक्टरांचं मंडळ जमलं. एकाने नुसत्या वासावरून पेट्रोलात पाणी असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याने वायर हलवून पाहिली, कुठली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एक आजोबा पेटती बिडी घेऊन थेट इंजिनावर वाकले. त्यांच्या मते हे ‘बाहेरचं’ होतं.

तेवढ्यात मेकॅनिक आला. विशीतलं पोरगं, हातात अर्धा समोसा. त्याने आधी आजोबांना वीस पावलं लांब उभं केलं (तिथून त्यांचा सल्ला चालूच राहिला) आणि मला म्हणाला, “काका, चाबी फिरवा. सेल्फ नका मारू. फक्त ऐका.”

मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण आली आणि थांबली. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण ती काही बोलते हे मला माहीतच नव्हतं.

“पंप बोलून राह्यला, म्हंजे जित्ता आहे. पण जोर किती, ते मोजल्याबिगर कसं सांगू?”

त्याने पेटीतून घड्याळासारखा गेज काढला. नळीला फडकं गुंडाळून आतला दाब सोडला, गेज जोडला आणि गाडी चालू करायला लावली. या गाडीला तीन बार लागतात, म्हणजे चाकातल्या हवेच्या साधारण दीडपट. माझी जुनी कार्बोरेटरची गाडी पाव बारात सुखी होती. इंजेक्शनवाल्यांचे लाड जास्त. काटा बरोब्बर तीनवर! मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

“आता रेस करा.”

काटा घसरत दोनच्या खाली आला. मला त्यात नवल वाटलं नाही. डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर माझंही प्रेशर नॉर्मलच भरतं, जिना चढायला लावा म्हणजे कळेल.

मग दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून त्याने तिच्यात डोकावलं. कोरडी. पडदा फाटला असता तर तिथे पेट्रोल दिसलं असतं म्हणे. उरलेलं पेट्रोल टाकीत नेणारी परतीची नळी त्याने फडक्यावरून पकडीने हलकेच चिमटली, तर काटा टुणकन वर. “पंप जोर मारते, काका. पण माल पुढं जात नाही.”

तो गाडीखाली सरपटला आणि फिल्टर घेऊन बाहेर आला. अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटलीत फिल्टर उलटा झटकला, तर संध्याकाळपर्यंत उकळत राहिलेल्या चहासारखं काळं पाणी पडलं आणि तळाशी गंजाची बारीक रवाळ साय बसली. आजोबा लांबूनच ओरडले, “मी म्हटलं नव्हतं?”

नव्या फिल्टरचे पैसे ऐकून मला रडू यायचंच बाकी राहिलं. प्लग, कॉइल आणि बॅटरीच्या पैशात अशा फिल्टरांची माळ करून गाडीला घालता आली असती.

“काका, टाकीत पेट्रोल किती ठेवता?”

मी गप्प. आम्ही हद्दीवरची माणसं. धारणीत असलो की वाटतं, पलीकडे दोन पैसे स्वस्त असेल. देडतलाईला आलो की वाटतं, अलीकडेच टाकायला हवं होतं. या हिशोबात वर्षभर लाल दिवा विझलेला नाही.

“पंप पेट्रोलातच बुडून थंड राह्यते. तुम्ही त्याला तळाचा गाळ पाजून राह्यले.”

बायको खिडकीबाहेर बघत होती. खांदे मात्र हलत होते.

पुढच्या पेट्रोल पंपावर थांबलो. पोराने नळी लावून विचारलं, कितीचं? मी दराच्या पाटीकडे पाहिलं, मनात धारणीचा दर आठवला आणि म्हणालो, “दोनशेचं...”

“अहो,” बायको म्हणाली, “चाबी काढून इकडे द्या. फुल कर रे दादा.”