पासवर्डच्या मुदत-नियमास अनावृत पत्र

मेहेरबान पासवर्ड-मुदत-नियम साहेब यांचे सेवेशी,

पहूर पेठेतील एका सामान्य खातेदाराचे साष्टांग दंडवत. विज्ञापना ऐसीजे, संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठाण मांडून दर बेचाळीस दिवसांनी चांगला चालता पासवर्ड बाद करण्याचा, आणि नव्या पासवर्डात कॅपिटल अक्षर, लहान अक्षर, आकडा व चिन्ह यांपैकी निदान तीन प्रकार नसल्यास तो तत्क्षणी नामंजूर करण्याचा जो अंमल आपण इतकी वर्षे निर्वेधपणे गाजवीत आला आहात, त्याबद्दल आपला यथोचित गौरव करावा, एवढ्याच हेतूने हे पत्र सादर केले आहे.

आपल्या पराक्रमाचे दर्शन आम्हांस गावातील एका कचेरीत घडले. मार्चअखेरचा दिवस होता; पीककर्ज मुदतीत भरून व्याजाची सवलत पदरात पाडून घेण्यासाठी आलेल्या शेतकऱ्यांची रांग पायरीखाली उतरली होती; आणि नेमक्या त्याच सुमुहूर्तावर आपण पडद्यावर अवतीर्ण होऊन पासवर्डची मुदत सरल्याचा इतल्ला दिलात. कारकुनांनी मान वर न करता शिपायाला विचारले, ‘‘आप्पा, मागचा आकडा कितीचा होता?’’ आप्पांनी टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी वाचून खणखणीत आवाजात सांगितले, ‘‘सतरा होता भाऊ, आता अठरा टाका.’’ गावाचे नाव, त्यातले पहिले अक्षर कॅपिटल, पुढे ॲटचे चिन्ह आणि शेवटी अठरा, असा तो नवा पासवर्ड आपण प्रसन्न होऊन मंजूर केलात. नियमाची सारी कलमे पाळली गेली; फक्त रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत तो पासवर्ड सर्वांना पाठ झाला, एवढेच. दर महिन्याला कुलूप बदलून किल्ली उंबऱ्यावर ठेवणारा घरधनीही आपल्यापुढे हात जोडील!

साहेब, आपले घराणे थोर आहे. पासवर्डात निरनिराळी चिन्हे मिसळावीत आणि तो वेळोवेळी बदलावा, हा उपदेश २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या दस्तऐवजात बिल बर नामक अधिकाऱ्याने लिहिला, आणि त्याच्या बळावर जगभरच्या कचेऱ्यांत आपली सनद कायम झाली. पुढे २०१७ साली त्याच निवृत्त गृहस्थाने, आपण लिहिले त्यातील बऱ्याचशाचा पश्चात्ताप होतो, असे जाहीरपणे कबूल केले; त्याच वर्षी त्या संस्थेने कारणावाचून पासवर्ड बदलायला लावू नये, असा नवा दंडक घातला; आणि २०१९ साली खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या शिफारस केलेल्या सुरक्षा-मांडणीतून आपले नाव कालबाह्य म्हणून वगळले. जनकाने हात झटकले, धन्याने पाठ फिरवली, तरी आमच्याकडील कचेऱ्यांतून आपली हुकमत तसूभरही ढळलेली नाही. पासवर्डला मुदत लावणाऱ्या या फर्मानाला स्वतःला मात्र मुदत नाही, हे आपल्या चिरंजीवित्वाचे रहस्य आहे.

चोर मात्र आपले पंचांग पाहत नाहीत. हाती लागलेला पासवर्ड ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जपून ठेवीत नाहीत, बहुधा लगेच वापरतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो सायबर दरोडा पडला, त्यात ११ तारखेला अवघ्या काही तासांत अठ्ठावीस देशांतील एटीएममधून रकमा उचलल्या गेल्या, १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला रवाना झाली, आणि एकूण आकडा चौऱ्याण्णव कोटींवर गेला. त्या दरोड्याची वाटच वेगळी होती: पैसे देण्यास मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची हुबेहूब नक्कल चोरट्यांनी मालवेअरच्या साह्याने उभी केली होती. अशा दरोडेखोरांपुढे आमच्या कारकुनाच्या अठराचे एकोणीस झाल्याने कोणता बुरूज मजबूत होणार होता?

म्हणून नम्र अर्ज असा की, आपण आता सन्मानाने निवृत्ती पत्करावी आणि आपली जागा कामाच्या माणसांना द्यावी. पासवर्ड लांब असावा. परस्परांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले, तर तो ध्यानातही राहतो आणि चोरांच्या यंत्राला हुडकण्यासही जड जातो. चोरीस गेलेल्या पासवर्डांच्या याद्यांशी तो ताडून पाहावा, आणि फुटल्याचा संशय येताच बदलावा. चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते काही काळ गोठावे. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून नव्या संगणकावर दहा चुकांनंतर दहा मिनिटे दार बंद होते, ही तजवीज आपल्या सगळ्या कलमांहून उपयोगी आहे. रोजच्या कामाचे खाते वेगळे आणि प्रशासकाचे वेगळे असावे, अद्यतने वेळच्या वेळी घ्यावीत, आणि पैशाच्या व्यवहाराला मोबाईलवरील दुसऱ्या पडताळणीची जोड असावी.

यांतील बहुतेक कामे कचेरीच्या संगणकावर एका दुपारी उरकण्याजोगी आहेत. त्यांसाठी ना निविदा लागते, ना वेगळी तरतूद. ती होत नाहीत, कारण आपण आहात तोवर सुरक्षेची काळजी घेतली जात आहे, असे वरिष्ठांना वाटत राहते. आपल्याविरुद्ध आमची मुख्य तक्रार हीच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पहूर पेठेतील एक खातेदार