चेंडू किरकोळ खर्चात

तालुक्यातल्या पोरांच्या फुटबॉल स्पर्धेचा हिशेब वाचला. फेट्यांना स्वतंत्र ओळ. शाल-श्रीफळाला स्वतंत्र ओळ. डिजिटल फलकाला दोन, कारण पहिल्या फलकावर एका उपाध्यक्षांचा फोटो राहिला होता. चेंडू काही दिसेना. शेवटी सापडला: किरकोळ खर्चात, चहा आणि सुतळीच्या मध्ये.

कागद चोख आहेत. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला धरून तपासणी झाली, सही झाली, शिक्का उमटला. तपासणीला पावती लागते आणि फेटेवाला पावती देतो. चेंडू फुटल्याची पावती कोण देणार?

सामना सुरू होताना फुटबॉल 410 ते 450 ग्रॅम भरावा, असा जागतिक नियम आहे. नियम करणारे आषाढात राधानगरीला आलेले दिसत नाहीत. आमचा चेंडू शिवणीत उसवलेला. पहिल्या दहा मिनिटांतच निम्मं मैदान पोटात घेतो. बचावातला पोरगा त्याला डोकं लावत नाही, लांबूनच नमस्कार करतो. हवा भरायचा पंप पंक्चरवाल्याचा, त्यामुळं मध्यंतर कधी संपणार हे तो दुकानात आहे की जेवायला गेलाय यावर ठरतं. नवा चेंडू मागितला तर खजिनदार म्हणाले, "मग कबड्डीच ठेवूया की. त्यात चेंडूच लागत न्हाई." गंमत केली असं वाटलं. त्यांनी ठराव मांडला. अनुमोदनही मिळालं.

सत्काराचं मात्र राधानगरी धरणासारखं आहे: सात दरवाजे, सगळे स्वयंचलित, पाहुण्यांची पातळी वाढली की आपोआप उघडतात. पाहुण्यांना फेटा, त्यांच्या ड्रायव्हरला फेटा, पाहुणे समजून गाडीतून उतरवून घेतलेल्या खतविक्रेत्यालाही फेटा. मग भाषणं, आणि तोवर दोन्ही संघ पावसात उभे. यात हसण्यासारखं काय आहे? दाजीपूरकडच्या वाडीतली पोरगी सकाळची पहिली एसटी धरून येते, प्रवेश फी भरते, बुटाचा तळ सुतळीनं आवळते, आणि तिच्याच फीतून बांधलेला फेटा तिला खिलाडूवृत्ती शिकवतो. मुलींना कपडे बदलायला साधा आडोसा नाही. गुडघा फुटला तर हळद, तीही समोरच्या घरातून मागून आणलेली. स्टेजवर मात्र कूलर. भर आषाढात, राधानगरीत, कूलर! त्याचं भाडंही हिशेबात आहे, 'क्रीडासाहित्य' या सदराखाली.